तळघरात चाळीस गॅलन खारं पाणी

मी अमेरिकेत घरी पोवळी पिकवते असं कुणीतरी माझ्या मावशीला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मालवणहून फोन. "अगो, धाकट्याच्या पत्रिकेत मंगळ आसा. एक पोवळां बाजूक ठेव."

तिला समजावण्यात अर्धा तास गेला. अंगठीतलं लाल पोवळं मूळचं भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या पाण्यात वाढणारं. त्याला माझ्या दिव्यांची गरज नाही आणि मला त्याची नाही. माझ्याकडची प्रवाळं उथळ, उन्हातल्या पाण्यातली. हिरवी, जांभळी, दोन-तीन नारिंगी, आणि बहुतेक लिबलिबीत. सोनार हात लावणार नाही अशी. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उपयोग काय त्यांचो?"

त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. बाकीचं सांगते.

मी न्यू जर्सीत एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर परक्या माणसांचं रक्त आणि लघवी मोजायची आणि घरी येऊन पोळ्या करायच्या, असं चाललं होतं. 2022 च्या हिवाळ्यात एका सहकाऱ्यानं त्याच्या घरची टाकी दाखवली. मोठी शोभेची टाकी वर होती, पण मला आवडली ती खालच्या खोलीतली बुटकी, साधी टाकी. तिच्यात दगडांचा डोंगर नाही, देखावा नाही. जाळीवर ओळीनं बोटभर तुकडे मांडलेले. तो त्याला ‘फ्रॅग टँक’ म्हणाला. फ्रॅग म्हणजे फ्रॅगमेंट, तुकडा. मला मात्र आमच्या आंब्याच्या कलमांच्या रांगा दिसल्या. खरं तर जास्वंद म्हणायला हवं, कारण कलमाला दुसऱ्या झाडाचं खोड लागतं. इथे जास्वंदीसारखीच फांदी तोडायची, नीट रोवायची, ती आपली आपण वाढते. तोडलेला तुकडा आणि मूळ वसाहत रक्तानं एकच. प्रवाळ हा प्राणी आहे, हजारो तोंडांचा, आणि त्याच्या मांसात राहणारी सूक्ष्म शैवाळं उन्हावर स्वयंपाक करून त्याला जेवू घालतात. पाळीव प्राणी आणि बाग एकाच टाकीत.

नवऱ्याला टाकी दिवाणखान्यात हवी होती. मी बेसमेंट निवडलं. एक तर खाली काँक्रीट आहे, आणि चाळीस गॅलन खाऱ्या पाण्याचं वजन दीडशे किलोच्या वर जातं. दुसरं म्हणजे दिवाणखान्यात मला बादल्या सांडायची मुभा नसती. टाकी 36 इंच लांब, 18 रुंद आणि 16 उंच. इथे हिला ‘फोर्टी ब्रीडर’ म्हणतात आणि सेलमध्ये ती स्वस्तात मिळते. फ्रॅगसाठी आकार सोयीचा, कारण पसारा जास्त आणि खोली कमी. दिवा तळापर्यंत पोचतो, आणि बाही कोपरापर्यंत दुमडली की हातही पोचतो. हे दुसरं कारण कुणी सांगत नाही, पण आठवड्यातून चारदा टाकीत हात घालणाऱ्या बाईला विचारा.

टाकीखाली जुनी वीस गॅलनची काचपेटी, तिला सम्प म्हणायचं. वरचं पाणी नळीतून खाली उतरतं, पंप ते पुन्हा वर चढवतो. हीटर, स्किमर, सगळं कुरूप सामान खाली. स्किमर म्हणजे डाळ शिजताना वर येणारा फेस काढणारं यंत्र समजा. बारीक बुडबुड्यांना पाण्यातली घाण चिकटते आणि वरच्या पेल्यात काळपट चहासारखं काहीतरी जमतं. त्याचा वास येतो तेव्हा मुलगा वरच्या मजल्यावरून ओरडतो.

तुकडे मांडायला मी महागडे रॅक घेतले नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात छतातल्या ट्यूबलाइटखाली लावायची पांढरी चौकटीची प्लास्टिक जाळी मिळते, अर्ध्या इंचाच्या घरांची. ती पक्कडीनं तोडून पीव्हीसी पाइपच्या पायांवर बसवली. फ्रॅग चिकटवायच्या चकत्यांना खाली दांडी असते, ती त्या घरात बेताची बसते. एवढं मापात कसं जमलं कोण जाणे.

पाण्याचं प्रकरण मोठं. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन, फॉस्फेट, कधी पाइपातलं तांबं. म्हणून आरओ आणि पुढे उरलेसुरले क्षार शोषून घेणारं डीआय रेझिन, टीडीएस शून्य येईपर्यंत. एक गॅलन शुद्ध पाण्यामागे तीनेक गॅलन गटारात जातं. मे महिन्यात विहिरीचा तळ बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे बघवत नाही. आता ते पाणी कपडे धुवायच्या पिंपात जातं. मग मीठ. टाकी आणि सम्प मिळून साधारण 190 लिटर, त्यात सात किलो मीठ. खायचं नव्हे, समुद्राच्या पाण्यात असतात ते सगळे क्षार असलेलं. हजार भागांत 35 भाग ही समुद्राची खार. व्हिडिओ कॉलवर मी बादलीत मीठ ओतताना बाबांनी बघितलं. "ह्यां काय केलंस गो?" एवढंच म्हणाले. किनाऱ्यापासून दोनशे पावलांवरचं घर सोडून गेलेली मुलगी मीठ विकत आणून पाण्यात कालवतेय, हे बघितल्यावर दुसरं काय म्हणणार.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. आता हे तर माझं रोजचं हत्यार. लघवीचं विशिष्ट गुरुत्व आम्ही त्यावरच बघत आलो. म्हणून मी मोठ्या ऐटीत शुद्ध पाण्यावर शून्य लावलं आणि निर्धास्त झाले. दोन महिने माझं यंत्र 35 दाखवत होतं आणि पाणी 32 च्या आसपास होतं. शून्यापाशी बरोबर असलेलं यंत्र 35 पाशी बरोबर असेलच असं नाही. त्यासाठी 35 चंच प्रमाणित द्रावण लागतं. लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी हेच शिकवते. घरी मात्र विसरले.

पहिले पाच आठवडे टाकीत पाणी, कोरडे दगड आणि अमोनिया एवढंच. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि तोवर आपण रिकामी टाकी बघत बसायचं. नवरा जाता-येता विचारायचा, "आज काय उगवलं?" त्यानंतर दोन क्लाउनफिश आले आणि सहकाऱ्यानं दिलेला हिरव्या स्टार पॉलिप नावाच्या प्रवाळाचा एक तुकडा, दह्याच्या रिकाम्या डब्यातून.

मग माझी स्वच्छता आडवी आली. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि मी खूश. लॅबच्या माणसाला शून्य फार आवडतं. पंधरा दिवसांत जाळीवर तपकिरी शेंबूड चढला, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले. डायनोफ्लॅजेलेट. पुसावं तर संध्याकाळी पुन्हा हजर. पाण्यात अन्नच उरलं नाही की बाकीचे सूक्ष्मजीव मागे पडतात आणि हे महाशय माजतात. उपाय ऐकून माझी मान खाली गेली: माशांना जास्त खायला घाल आणि पाणी जरा मळू दे. मी मासे लठ्ठ केले, तीन दिवस टाकी चादरीनं झाकली, अतिनील दिवा लावला. दोन महिने गेले त्यात. आता नायट्रेट 5 ते 10 च्या दरम्यान ठेवते आणि शून्य दिसलं की घाबरते.

खरा खेळ क्षारतेचा. खारटपणा नव्हे, पाण्यातला कार्बोनेटचा साठा. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो बांधायला ते पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट खेचतं, आणि समुद्र मोठा म्हणून तिथे कुणाला कळत नाही. माझ्या टाकीत कळतं. दर सकाळी कामावर जाण्याआधी पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, चार थेंब रंग, मग सिरिंजनं थेंब थेंब आम्ल, निळ्याचा गुलाबी होईपर्यंत. साधं टायट्रेशन. माझ्या वहीत क्षारतेचे आकडे ओळीनं आहेत: 8.4, 8.3, 8.3, 8.1. तुकडे वाढायला लागले हे डोळ्यांना दिसण्याआधी मला त्या उताराच्या आकड्यांत दिसलं. कुणीतरी पाण्यातून दगड बांधत होतं.

कमी झालेलं भरून काढायला सुरुवातीला मी खायचा सोडा वापरायची. 300 अंश फॅरनहाइटवर तासभर ओव्हनमध्ये भाजला की त्याचा धुण्याचा सोडा होतो. एकदा तो ट्रे नवऱ्यानं रवा समजून उपम्याला घेतला होता, पण फोडणीपर्यंत गोष्ट गेली नाही.

मग 2024 ची संक्रांत आली. हळदीकुंकवाला बावीस बायका, त्यांची पोरं, बाहेर बर्फ, सगळ्या खिडक्या बंद, आणि कार्यक्रम अर्थातच बेसमेंटमध्ये. तिळगूळ वाटून झाल्यावर टाकीकडे बघितलं तर सकाळी 8.15 असलेला पीएच 7.74 वर. आधी वाटलं मापक बिघडला. मग ध्यानात आलं. एवढी माणसं तीन तास गप्पा मारत होती आणि तो सगळा उच्छ्वास पाण्यात मुरत होता. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की पीएच पडतो. तशी माझी टाकी बंद घरामुळे हिवाळाभर दबलेलीच होती. हळदीकुंकवानं फक्त ते उघड केलं.

या दुखण्यावरचं जुनं औषध ‘काल्कवासर’. हा शब्द मी वर्षभर वाचत होते आणि काहीतरी गहन जर्मन तंत्र असणार असं समजून टाळत होते. एक दिवस अर्थ बघितला. चुन्याचं पाणी. म्हणजे कोहळ्याच्या पेठ्यासाठी लागते ती चुन्याची निवळी! इथे लोणच्याच्या काकड्या कुरकुरीत राहाव्यात म्हणून किराणा दुकानात चुन्याची पुडी मिळते. गॅलनला दोन चहाचे चमचे, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी घ्यायची. त्यात कॅल्शियम आहे, क्षारता आहे, आणि ती पाण्यातला जादा कार्बन डायऑक्साइड गिळते. टाकीतून रोज वाफ होऊन जातं तेवढं पाणी साध्या पाण्याऐवजी निवळीनं भरायचं. इतकं सोपं. माझ्या आजीच्या पानाच्या डब्यात हे सगळं होतं.

पीएच आठवड्यात 8.2 वर आला. मी दोन महिने सगळ्यांना निवळीचं कौतुक सांगत सुटले.

मार्चमधल्या एका मंगळवारी पहाटे पावणेसहाला खाली गेले तर टाकी दिसेना. म्हणजे काच होती, आत ताक होतं. निळ्या दिव्यात पांढरंफटक. काय झालं ते सापडायला पाच मिनिटं लागली. पाण्याची पातळी उतरली की सम्पमधला तरंगता बोंडू खाली जातो आणि निवळीचा पंप सुरू होतो. पातळी भरली की बोंडू वर येतो आणि पंप थांबतो. रात्री एक गोगलगाय, शैवाळ खायला मीच आणलेली, त्या बोंडूवर जाऊन बसली. तिच्या वजनानं तो खालीच राहिला. पंप बिचारा रात्रभर प्रामाणिकपणे चुना ओतत होता. दोन गॅलन गेले असतील. पीएच 9 च्या वर, आणि पाण्यातला चुना वाळूसारखा खाली बसत होता. गोगलगाय अजून तिथेच.

आधी पंपाची पिन काढली. मग फ्रिजमधले साध्या सोड्याचे दोन कॅन आणले आणि बारीक धारेनं सम्पमध्ये ओतले. त्यातला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली आणतो. जो वायू संक्रांतीला शत्रू होता तोच आता विकत आणून घालत होते. पिंपात पंधरा गॅलन तयार खारं पाणी होतं ते बदललं, लॅबला फोन करून तब्येत बरी नाही असं कळवलं. नवरा पायरीवर उभा राहून बघत होता. "आता खरंच चुना लागला," म्हणाला. त्या क्षणी मला ते मुळीच विनोदी वाटलं नाही.

बर्ड्स नेस्ट या प्रवाळाचे तीनही तुकडे दोन दिवसांत गेले. मांस सालीसारखं सुटून आलं आणि पांढरा सांगाडा उरला. माँटिपोराच्या कडा गेल्या. हॅमर, झोअँथिड आणि तो दह्याच्या डब्यातला स्टार पॉलिप मात्र आठवड्याभरात काही न झाल्यासारखे फुलले. आता निवळी वेगळ्या छोट्या डोझिंग पंपानं जाते, रात्रीच, आणि भांडं एक लिटरचंच. गोगलगाय कितीही बसली तरी लिटरपलीकडे चुना नाही. बोंडूवर मी प्लास्टिकची जाळी ओढली आहे. यंत्र तीस डॉलरचं, जाळी कांद्याच्या पिशवीची.

त्या उन्हाळ्यात बाबा सहा महिने राहायला आले. पहिले आठ दिवस ते टाकीकडे फिरकले नाहीत. मग एका रविवारी मी हॅमर कापत होते तेव्हा खुर्ची घेऊन बसले.

हॅमर म्हणजे फांदीच्या टोकाला मांसल डोकं, त्यातून हातोडीच्या आकाराची बोटं बाहेर. कापायच्या आधी डिवचायचं आणि ते पूर्ण आत ओढलं जाईपर्यंत थांबायचं. मांस फाटलं तर संपलं. मग बाहेर काढायचं. बुळबुळीत, ठिबकणारं, आणि वास थेट मालवणच्या धक्क्यावरचा. मांसाच्या इंचभर खाली फांदीवर हाडं तोडायची कातर लावायची आणि एका दमात दाबायची. कट्. बाबा पुढे वाकले. "ह्यो तर अडकित्तो!" आणि मग शेजारची चुन्याची बरणी बघून, "आयेचो पानाचो डबोच मांडलंस की गो." मी हातमोजे आणि चष्मा घातलेला, त्यांनाही घालायला लावला. हॅमरसाठी नव्हे, शेजारच्या झोअँथिडसाठी. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, फार जहाल विष. कुणी तो दगड उकळत्या पाण्यात टाकून साफ करायला सांगितलं तर ऐकू नका, त्या वाफेनं माणसं दवाखान्यात पोचली आहेत.

दुसरी फांदी बाबांनी तोडली. सुपारी कातरणारा हात, एकदाही कचरला नाही. कापलेलं टोक जीवाणू आणि किडे मारणाऱ्या द्रावणात बुडवलं, फडक्यानं टिपलं, चकतीवर सुपरग्लूच्या जेलचा वाटाण्याएवढा गोळा, त्यावर तुकडा, आणि पाण्यात. तासाभरात त्यानं एक बोट बाहेर काढलं. बाबा तिथेच बसले होते.

लहानपणी ओहोटीला आम्ही खडपात कालवं काढायला जायचो. उथळ पाण्यात एक गोल धोंडा होता, वर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी. त्यावर पाय ठेवून पलीकडे जायचं, बाबांनीच दाखवलेला रस्ता. त्या रविवारी मी त्यांना टाकीतला तशाच नक्षीचा फॅव्हियाचा तुकडा दाखवला. असलं प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. तो धोंडा माझ्या आजीपेक्षा म्हातारा असेल. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही तेच्यार कोयतो घासूक."

पुण्यातल्या दोघी-तिघींनी विचारलंय की आम्हालाही असं करता येईल का. आपल्याकडे दगडी प्रवाळं आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रातून उचलणं, विकणं, बाळगणं, सगळं गुन्हा. कुणी ‘मालवणचं आहे, ताजं आहे’ म्हणून विकत असेल तर त्या माणसापासून लांब राहा. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे डोक्यावर नळी लावून पाण्यात तोंड घाला आणि बघा. पाय ठेवू नका. इथेही कॅरिबियन समुद्रातली दगडी प्रवाळं तोडायला बंदी आहे. आमच्या टाक्यांत फिरतात ते बहुतेक तुकडे टाकीतच वाढलेल्या वसाहतींचे, एकानं दुसऱ्याला दिलेले. माझ्या स्टार पॉलिपचे तुकडे आजवर नऊ घरांत गेलेत.

लहान तुकडे भराभर वाढतात हे मला गंमत वाटायचं, पण फ्लोरिडात मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड व्हॉन यांच्या हातून एक प्रवाळ चुकून मोडलं, त्याचे कण टाकीत राहिले आणि ते भलत्याच वेगानं वाढले, तेव्हापासून खऱ्या समुद्रातले खडक सावरायला ही रीत वापरतात. माझ्या गोगलगायीनं असा काही शोध लावला नाही.

बाबा परत गेलेत. दर रविवारी रात्री इथे नऊ वाजले की तिथल्या सकाळच्या चहाबरोबर त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. माझी चौकशी नंतर, आधी फोन टाकीसमोर धरायचा. त्यांनी तोडलेल्या फांदीला जाळीच्या डाव्या कोपऱ्यातली जागा आहे आणि ती विकायची नाही, असं ठरलंय. तिला तेव्हा एक डोकं होतं, आता तीन आहेत. परवा भिंग लावून बघितलं तर मधल्या डोक्यात एकाऐवजी दोन तोंडं दिसायला लागलीत. दोघांमधली भिंत अजून तयार झालेली नाही. बाबांना सांगितलेलं नाही, नाहीतर ते रविवारची वाट न बघता रोज फोन करतील.